कामाबाहेरचा थरार टिकतो कशाने?

कोरीपाटी (धागाकर्ती)

गेली १४ वर्षे मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे. काम मला आवडते, सहकारी चांगले आहेत आणि नोकरीविषयी गाऱ्हाणे मांडण्यासाठी हा धागा काढलेला नाही. मात्र मागील वर्षाच्या अखेरीस एका जुन्या मैत्रिणीने "यंदा विशेष काय केलेस?" असे विचारले, तेव्हा मला जे जे आठवले ते सगळे कार्यालयातलेच होते. कोणता अहवाल मान्य झाला, कोणता ताळेबंद किती वेळा तपासावा लागला, एवढेच. लहानपणी झाडावर चढताना, पाण्यात पहिल्यांदा हातपाय सोडताना पोटात जो गोळा उठत असे, तो शेवटचा केव्हा उठला हे मला सांगता येईना.

म्हणून मी पॅराशूटची उडी मारून आले. प्रशिक्षकाला पुढून बांधून घेऊन मारतात ती उडी, सुमारे ४,००० मीटरवरून, आणि पॅराशूट उघडण्यापूर्वी जवळपास मिनिटभर नुसते खाली येणे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझे हात थरथरत होते. पुढचे चार दिवस मी भेटेल त्याला तेच सांगत होते. पाचव्या दिवशी मात्र सगळे ओसरले, आणि पुन्हा जावे अशी ओढही वाटली नाही. त्या उडीत माझा वाटा किती होता याचा विचार केला, तेव्हा लक्षात आले की विमानाच्या दाराशी होकार देण्यापलीकडे मी काहीच केले नव्हते. उंची पाहणे, दोरी ओढणे, वाऱ्याचा अंदाज घेऊन उतरणे हे सारे प्रशिक्षकाने केले.

ज्यांना कामाबाहेर असे काही गवसले आहे की जे कित्येक वर्षांनंतरही अंगावर काटा आणते, त्यांनी कृपया लिहावे. छंदांची यादी नको आहे. तुमच्या छंदात नेमके काय टिकून राहिले, हे मला समजून घ्यायचे आहे.

उभाकडा

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच दिलेले आहे, असे मला वाटते. उडीत धोका होता, उंची होती, वेगही होता. आपल्या कौशल्याला मात्र तेथे काही काम नव्हते.

मी ११ वर्षांपासून प्रस्तरारोहण करतो. सुरुवात कृत्रिम भिंतीवर झाली आणि पहिल्या महिन्यात मला उंचीची विलक्षण भीती वाटत असे. आता ती पुष्कळ कमी झाली आहे. भीती हाच जर थरार असता, तर माझा थरारही तिच्याबरोबर कमी व्हायला हवा होता, पण तसे झालेले नाही. गेल्या वर्षी एका मार्गावर मी पाच महिने अडकलो होतो. मार्ग जेमतेम १५ मीटर उंचीचा. पण मध्यावर एक जागा अशी की डाव्या हाताला केवळ बोटांची टोके बसतील एवढी धार आणि उजवा पाय जवळजवळ कमरेच्या उंचीवर टेकवायचा. प्रत्येक वेळी मी तेथून सुटत असे आणि दोर मला झेलत असे. पाचव्या महिन्यात ध्यानात आले की आपण हातांनी ओढण्याचा प्रयत्न करतो आहोत, आणि गरज आहे ती कंबर भिंतीकडे वळवून वजन त्या उजव्या पायावर नेण्याची. त्या दिवशी पाय टेकला, कंबर वळली आणि हात वरच्या पकडीपर्यंत सहज पोहोचला. त्या क्षणी छातीत जे धडधडले, ते भीतीचे नव्हते.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रस्तरारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक आणि शल्यविशारद अशा निरनिराळ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्याला असे आढळले की समोरचे आव्हान आणि अंगचे कौशल्य यांचा मेळ बसतो, तेव्हा माणूस त्यात पूर्ण बुडून जातो. आव्हान फार मोठे झाले तर चिंता वाढते आणि फार छोटे झाले तर कंटाळा येतो. आरोहणात सोयीची गोष्ट ही की मार्गांना श्रेणी दिलेल्या असतात, त्यामुळे कौशल्य वाढले की त्याच्या एक पाऊल पुढचे आव्हान शोधता येते. माझा थरार ११ वर्षे टिकला याचे कारण, मला वाटते, ती पुढची पायरी कधी संपलेली नाही.

सावकाश

उभाकडा यांच्याशी मी सहमत आहे, परंतु एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. थरार म्हटले की उंची, वेग आणि खोल पाणी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते, आणि ज्यांना त्यांत रस नाही अशी माणसे स्वतःला भित्री समजू लागतात. मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन यांनी १९६४ पासून उत्तेजनाची ओढ मोजण्याची जी प्रश्नावली विकसित केली, तिच्यात धाडसाची ओढ आणि नव्या अनुभवांची ओढ हे दोन वेगळे घटक मानलेले आहेत. एकाच माणसात पहिला कमी आणि दुसरा भरपूर असू शकतो. मी स्वतः तसा आहे. मला शिडीवर चढवत नाही. पण ज्या लिपीचे एकही अक्षर ओळखीचे नाही तिच्यातले पहिले वाक्य वाचता आले, त्या दिवशी मी घरभर फिरत होतो.

मध्यरात्र

माझा छंद आकाशदर्शनाचा आहे. तेथे पडण्याची भीती नाही आणि वेगही नाही, उलट बहुतेक वेळ थांबण्यात जातो. तरीही धागाकर्तीने विचारलेली गोष्ट मला तेथे १९ वर्षे मिळत आली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आकाशातल्या अंधुक वस्तू शोधण्याच्या दोन रीती आहेत. दुर्बिणीला मोटार आणि संगणक जोडलेला असेल, तर वस्तूचा क्रमांक सांगितला की ती स्वतः वळून तेथे जाते. दुसरी रीत ताऱ्यावरून ताऱ्यावर जाण्याची. नकाशा मांडीवर घ्यायचा, तांबड्या अंधुक प्रकाशात तो वाचायचा, एका तेजस्वी ताऱ्यापासून सुरुवात करायची आणि "येथून दोन तारे वर, मग डावीकडे लहान त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या टोकापासून अर्धे बोट पुढे" असे करीत जायचे. देवयानी दीर्घिका मी अशीच प्रथम शोधली. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून ती धुरकट अंडाकृती डागासारखी दिसते, छायाचित्रातले तेज तिच्यात नसते. पण सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो आहे आणि त्याच्यापर्यंत आपण आपल्या हाताने वाट काढत आलो आहोत, हे कळल्यावर मी दुर्बीण खाली ठेवून नुसता उभा राहिलो होतो. पुढे एका परिचिताच्या संगणकीय दुर्बिणीतून मी एका रात्रीत ४० वस्तू पाहिल्या. त्यांतली आज एकही स्पष्ट आठवत नाही. ज्या ११ वस्तूंसाठी मी एक आख्खा हिवाळा घालवला, त्या सगळ्या आठवतात.

या छंदातला सर्वांत मोठा दाखला विल्यम हर्शेल यांचा. त्यांचा व्यवसाय संगीताचा होता. इंग्लंडमधील बाथ येथे ते ऑर्गन वाजवीत, शिकवण्या घेत आणि स्वररचना करीत. दुर्बिणी बनवणे हा उरलेल्या वेळातला नाद. आरसे घासताना मध्येच हात थांबवता येत नसे, आणि अशा वेळी त्यांची बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवीत असे, हे तिनेच लिहून ठेवले आहे. १३ मार्च १७८१ रोजी आपल्या घरच्या बागेतून तारे न्याहाळताना त्यांना एक तारा इतरांसारखा ठिपका न दिसता किंचित पसरट दिसला. त्यांना तो धूमकेतू वाटला. तो युरेनस निघाला. तोच ठिपका त्याआधी इतर निरीक्षकांनीही पाहून तारा म्हणून नोंदवला होता. हर्शेलना फरक दिसला, कारण आरसा त्यांनी स्वतः घासलेला होता आणि त्यात तारा कसा दिसतो हे त्यांना पाठ होते. त्या वेळी त्यांचे वय ४२ होते. कॅरोलिन हिचेही संगीतावर चांगले प्रभुत्व होते. तिने १ ऑगस्ट १७८६ रोजी आपला पहिला धूमकेतू शोधला आणि पुढे एकूण आठ शोधले.

आपल्यापैकी कोणाला ग्रह सापडणार नाही, हे मी जाणतो. पण हाताने शिकलेल्या गोष्टीमुळे डोळ्याला वेगळे दिसू लागते, हा अनुभव मात्र कोणालाही घेता येतो, आणि माझ्या लेखी टिकणारा थरार त्यातच आहे.

दोनप्रहर

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. तरीही एक शंका मांडते. माझ्या घरी एक वृद्ध आजारी व्यक्ती आहे आणि दोन लहान मुले आहेत. दिवसाचे काम संपल्यावर माझ्या वाट्याला रात्री फार तर पाऊण तास येतो, आणि त्या वेळी अंगात त्राण उरलेले नसते. कडा, आकाश, समुद्र हे सर्व वाचताना आनंद होतो आणि त्याच वेळी खिन्नताही येते. माझ्यासारखीने विश्रांती घ्यावी की काही नवे शिकण्याचा खटाटोप करावा?

उभाकडा

दोनप्रहर, आपला प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याला "वेळ काढला की निघतो" असे उत्तर देणे अन्यायाचे होईल, म्हणून मी स्वतः उत्तर देत नाही. ज्यांनी तशा परिस्थितीत काही केले आहे त्यांनी लिहावे.

लघुलहर

मी लिहितो, कारण वडिलांच्या दीर्घ आजारपणात माझी अवस्था हीच होती.

प्रथम एक अभ्यास सांगतो. सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली कामानंतर माणूस कशाने ताजा होतो याची चार अंगे मांडली: कामापासून मन सुटणे, शरीर-मनाला विसावा मिळणे, एखाद्या गोष्टीवर हुकमत मिळवणे, आणि वेळ स्वतःच्या इच्छेने वापरता येणे. यातले तिसरे अंग मला कधी सुचले नसते. थकलेल्या माणसाने शिकू नये असेच मी मानत होतो.

रात्री वडील झोपले की मी कानाला हेडफोन लावून मोर्स संकेत शिकत असे. रोज वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. आरंभी प्रत्येक अक्षर म्हणजे ठिपके आणि रेघा यांची मोजणी होती. काही आठवड्यांनी मोजणी सुटली आणि अक्षराला त्याची स्वतःची चाल आली. हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यानंतर एका रात्री, ज्या लघुलहरी आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन दूरवर जातात, त्यांच्यावर मी माझी संकेतखूण (परवान्यासोबत मिळालेले ओळखनाव) पाठवली. खरखरीतून अगदी क्षीण आवाजात कोणीतरी तीच संकेतखूण परत उच्चारली. समोरचा माणूस दुसऱ्या खंडावर होता. मी आवाज न करता खुर्चीत बसून होतो, कारण शेजारच्या खोलीत वडील झोपले होते, आणि माझे डोळे भरून आले होते.

त्या वीस मिनिटांनी माझा थकवा गेला असे मी म्हणणार नाही. सकाळी उठताना मात्र काळजीखेरीज आणखी एक विचार मनात असे: आज रात्री लहरी कशा असतील? सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते आणि दूरचे संपर्क त्यावर बरेच अवलंबून असतात, पण एखाद्या रात्रीचे नेमके सांगता येत नाही. दोनप्रहर, एखाद्या रात्री अंगात शक्ती नसेल तर आपण खुशाल झोपावे, मीही अनेकदा तेच केले. परंतु ज्या रात्री थोडी असेल, त्या रात्रीसाठी एक गोष्ट हाताशी असू द्यावी, आणि तिची मांडामांड करण्यातच पाऊण तास जाणार नाही अशी ती असावी.

दोनप्रहर

आभारी आहे. आपण वडिलांविषयी जे लिहिले त्याने धीर आला. "मांडामांड" या शब्दापाशी मी थांबले. माझे आजवरचे सगळे प्रयत्न तेथेच मोडले होते.

सावकाश

विषय निघालाच आहे म्हणून एक इशारा. छंदात जीव रमू लागला की आसपासचे लोक "यातून काही कमाई करता येईल का?" असे विचारू लागतात, आणि ते न विचारले तरी आपणच आकडे ठेवू लागतो. मी पूर्वी लांब पल्ल्याची सायकल चालवीत असे. मग प्रत्येक फेरी ॲपमध्ये नोंदवू लागलो. वर्षभराने माझ्या लक्षात आले की चढावर दिसलेला पक्षी पाहायला मी थांबत नाही, कारण सरासरी घसरते. त्यानंतरच्या सहा महिन्यांत सायकल सुटली ती कायमची.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितले की चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी आमिष दाखवलेल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ दिला. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांचा ओढा कमी झाला नाही, ही मला त्यातली विशेष गोष्ट वाटते. लिपी शिकताना मी कोणतीही नोंद ठेवत नाही. किती चिन्हे येतात असे कोणी विचारले तर मला खरोखर सांगता येत नाही.

आणि लिपीविषयी बोलतोच आहे तर मायकेल व्हेंट्रिस यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ते व्यवसायाने वास्तुविशारद. १९३६ साली, १४ वर्षांचे असताना, त्यांनी पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांच्याकडून क्रीटमधील न वाचल्या गेलेल्या लिपीविषयी ऐकले आणि १९५२ साली 'लिनिअर बी' ही लिपी उलगडून ती ग्रीक भाषेचेच प्राचीन रूप लिहिते हे दाखवले. त्याआधी अनेक वर्षे त्यांचा स्वतःचा तर्क वेगळा होता. ती भाषा प्राचीन इटलीतील एट्रुस्कन भाषेशी संबंधित असावी असे त्यांना वाटे. आपलाच आवडता तर्क मोडणारे उत्तर समोर येताना पाहण्याइतके रोमांचक दुसरे काही असेल, असे मला वाटत नाही.

निळाश्वास

मी स्कूबा डायव्हिंग करते आणि धाडसाच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहू इच्छिते, कारण या धाग्यावरून कोणी पाण्यात उतरले तर ते नीट उतरावे.

समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. १० मीटर खोलीवर छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुस तेवढे ताणत नाही. म्हणून पहिला नियम हा की श्वास कधीही रोखायचा नाही. ही इजा अगदी उथळ पाण्यातही, एक-दीड मीटरवरूनही, होऊ शकते. "इथे काय खोल आहे" असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका केंद्रावर, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, उतरण्यापूर्वीची जोडीने करायची तपासणी घाईत वगळण्यात आली. माझ्या टाकीची झडप अर्धवटच उघडी होती. पृष्ठभागाजवळ हवा नीट येत होती. खाली गेल्यावर प्रत्येक श्वास जड होऊ लागला. मी जोडीदाराला खूण केली, त्याच्या पर्यायी नळीतून श्वास घेत आम्ही हळूहळू वर आलो. त्या दिवसापासून मी स्वतः तपासल्याखेरीज उतरत नाही, मग प्रशिक्षक कितीही नाराज होवो.

हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. धागाकर्तीने विचारले आहे की काय टिकले. माझ्यापुरते सांगायचे तर ही तपासणीच टिकली. हवेचा काटा वाचणे, खोली आणि वेळ यांचा हिशेब डोक्यात ठेवणे, प्रवाह बदलला तर ठरवलेली जागा न पाहता परत फिरणे. मी चार वेळा परत फिरले आहे. त्यांतल्या एकदा किनाऱ्यावर बसून समुद्राकडे पाहताना मला जे समाधान वाटले, ते कित्येक यशस्वी बुड्यांत वाटलेले नाही, कारण तो निर्णय पूर्णपणे माझा होता.

कोरीपाटी (धागाकर्ती)

तीन महिन्यांनी परत लिहीत आहे. उशिराबद्दल क्षमस्व, पण काही करून पाहिल्याखेरीज लिहू नये असे ठरवले होते.

सर्वांच्या लेखनातून मला एक धागा हाती लागला: निकाल आधी माहीत नसावा आणि तो आपल्या हातून घडावा. पहिली गोष्ट माझ्या उडीत होती, दुसरी नव्हती. कार्यालयात अनेकदा दुसरी असते आणि पहिली नसते. हे पडताळण्यासाठी मी ओरिएंटिअरिंग निवडले, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानात ठरलेली ठिकाणे शोधण्याचा खेळ. त्याचा उगम स्कँडिनेव्हियात झाला आणि पहिली सार्वजनिक स्पर्धा नॉर्वेत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. ठिकाणावर पांढरा-नारिंगी कापडी फलक टांगलेला असतो. मोबाईल बॅगेत बंद ठेवायचा.

तिसऱ्या वेळी मी हरवले. नकाशा १:१५,००० प्रमाणाचा, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे १५० मीटर. मला फलक एका घळीच्या तोंडाशी सापडायला हवा होता, आणि मी जेथे उभी होते तेथे घळच नव्हती. चाळीस मिनिटे मी नकाशातल्या खुणा जमिनीवर लादत राहिले: हा दगड तोच असावा, ही वाट तीच असावी. मग एका जागी थांबले, नकाशा उत्तरेकडे वळवून धरला आणि समोर जे दिसते तेच आधी पाहायचे ठरवले. उजवीकडे तीव्र उतार, मागे सपाटी, डावीकडे दोन टेकाडे आणि त्यांच्यामध्ये खोगीर. नकाशात समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाट होतात, मग विरळ होतात, आणि पलीकडे दोन बंद वर्तुळे, हे सगळे कोठे जमते ते शोधले. ते एकाच जागी जमत होते, आणि ती जागा मी समजत होते तेथून ३०० मीटर दूर होती.

नकाशा आणि जमीन एकमेकांवर बसली त्या क्षणी माझ्या पोटात तोच लहानपणीचा गोळा उठला. फलक सापडला तो नंतर, सहा मिनिटांनी. आमच्या गटात मी शेवटची पोहोचले.

ही हकिगत आता तीन आठवड्यांपूर्वीची आहे आणि अजून ओसरलेली नाही. एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझी चूक अंतराच्या अंदाजात झाली होती, म्हणून आता पावले मोजण्याचा सराव करते आहे. सपाटीवर चालताना माझी १०० मीटरला ६४ जोडपावले (डावे-उजवे मिळून एक) होतात. चढावर आणि दाट झुडपांत हा आकडा किती बदलतो, आणि तो कसा धरावा, हे कोणी अनुभवी सांगू शकेल का?

पाऊलखूण

अभिनंदन. चढावर पाऊल आखूड पडते, म्हणून आकडा वाढतो. झुडपांत आणखी वाढतो. परंतु दुसऱ्याचे आकडे घेऊ नका, ते तुमच्या पायांना बसणार नाहीत. नकाशावर नेमके मोजता येईल असे अंतर चढावर निवडा, तीन वेळा चाला आणि सरासरी काढा. झुडपांसाठी तेच पुन्हा. पळताना वेगळे मोजा. आणि मोजणी ३०० मीटरच्या पुढे नेऊ नका. त्याआधी जमिनीवरची एखादी पक्की खूण गाठा आणि तेथून पुन्हा शून्यापासून सुरुवात करा.

दोनप्रहर

मीही सांगते. रात्रीची वीस मिनिटे सुरू झाली आहेत. आतापर्यंत नऊ अक्षरे ऐकून ओळखता येतात. 'एल' आणि 'एफ' यांत अजून गोंधळ होतो.

लघुलहर

त्या दोन्ही अक्षरांत तीन ठिपके आणि एक रेघ आहे, म्हणून गोंधळ होतो. मोजू नका. 'एल'मध्ये रेघ दुसरी येते आणि 'एफ'मध्ये तिसरी, त्यामुळे एकात जोर लवकर पडतो आणि दुसऱ्यात उशिरा. आज रात्री फक्त ही दोनच ऐका.